‘जाऊ दे ना बे’ म्हणणाऱ्या दोस्तासाठी

तुमच्या ओळखीत असं कुणीतरी नक्की असेल. चुलतबहीण नर्स असेल. शाळेतला एखादा मित्र तेव्हा मेडिकलला इंटर्न असेल. गल्लीतले एखादे काका ॲम्ब्युलन्स चालवत असतील, नाहीतर शेजारच्या मावशी आशा वर्कर असतील. कधी निवांत बसला असाल, समोर तर्री-पोह्याची प्लेट असेल, तेव्हा सहज विचारून बघा, ‘एप्रिल २०२१ मध्ये तुझी ड्युटी कुठं होती?’

बघा काय होतं ते. आधी थोडा वेळ काहीच नाही. मग उगाच मोबाइल बघितला जाईल, नाहीतर पोह्यात चमचा नुसताच फिरत राहील. आणि मग उत्तर येईल, ‘जाऊ दे ना बे, कुठं ते घेऊन बसला!’

आपणही लगेच म्हणतो, हो हो, जाऊ दे. विषय बदलतो. आयपीएलवर येतो, नाहीतर उन्हाळ्यावर. नागपुरात उन्हाळ्यावर कितीही वेळ बोलता येतं.

आज त्या ‘जाऊ दे’बद्दलच बोलू. साथ ओसरून वर्षं झाली. मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या अडगळीत गेल्या, ऑनलाइन लेक्चरचे किस्से आता आपण हसत हसत सांगतो. पण त्या वॉर्डांमध्ये जे उभे होते, त्यांच्यातल्या कित्येकांचं ‘ते’ अजून गेलेलं नाहीये. ते मनात जागच्या जागी बसून आहे. आणि त्याच्याबद्दल बोलायची सोय आपण त्यांना ठेवलेली नाही.

तो एप्रिल आठवतो?

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला ११ मार्च २०२० ला. मग २२ मार्चला जनता कर्फ्यू लागला, संध्याकाळी पाच वाजता आपण गच्चीवर, गॅलरीत जाऊन थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी देशभरातल्या रुग्णालयांवर हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनी फुलं उधळली. सगळे व्हिडिओ आपण स्टेटसला ठेवले.

त्याच काळात दुसऱ्याही बातम्या येत होत्या. भाड्यानं राहणाऱ्या डॉक्टर-नर्सना घरमालक खोली सोडायला सांगत होते. तपासणीला गेलेल्या पथकांवर हल्ले होत होते. इतके की २२ एप्रिल २०२० ला केंद्राला अध्यादेश काढावा लागला. आरोग्य कर्मचाऱ्याला मारहाण हा अजामीनपात्र गुन्हा ठरला, गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आली. एका हातानं फुलं आणि दुसऱ्या हातानं दार बंद, असं आपलं चाललं होतं.

पण खरं कसोटीला लागणं पुढच्या वर्षी होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीकडून आकडे वाढायला लागले. १५ ते २१ मार्च नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. एप्रिल उजाडला आणि जिल्ह्यात एकेका दिवसात सात हजारांवर नवे रुग्ण निघू लागले. दिवसाला शंभराहून जास्त मृत्यू झाले असेही दिवस आले. मेडिकल आणि मेयोत फक्त नागपूरचेच लोक येत नव्हते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, शिवाय मध्य प्रदेश आणि छत्तीसगड इथूनही गाड्या येत होत्या. ९ एप्रिलला वाडीतल्या एका खासगी कोविड रुग्णालयात आग लागली, चार रुग्ण गेले. मोक्षधाम, अंबाझरी, गंगाबाई घाट ही नावं आपण रोज ऐकत होतो.

२३ एप्रिलच्या रात्री विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूरला पोहोचली. तीन टँकर इथं उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. आपण बाहेरून तो फोटो पाहिला आणि सुटकेचा श्वास टाकला. आता तीच रात्र वॉर्डाच्या आतून बघा. टँकर पोहोचेपर्यंत समोरच्या पेशंटचं सॅच्युरेशन ८५ वरून ७८ वर येताना बघत उभं राहायचं. अंगात पीपीई किट, बाहेर विदर्भातला एप्रिल. सहा-सात तास पाणी नाही, बाथरूम नाही. चष्म्यावर वाफ. आणि शेजारच्या बेडवरचा माणूस विचारतोय, ‘सिस्टर, मी वाचेन ना?’

ज्यांना हे सगळं करावं लागलं त्यातले कित्येक तुमच्याच वयाचे होते. ३ मे २०२१ ला केंद्र सरकारनं ठरवलं की, एमबीबीएसच्या इंटर्नना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्युटी द्यायची. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी फोनवरून सल्ला देण्याचं आणि सौम्य रुग्णांकडे बघण्याचं काम करायचं. नीट-पीजी किमान चार महिने पुढे ढकलली. ती परीक्षा झाली ११ सप्टेंबरला, त्यानंतर प्रवेशाची प्रक्रिया कोर्टात अडकून २०२२ च्या जानेवारीपर्यंत लांबली. याचा साधा अर्थ असा की वॉर्डात निवासी डॉक्टरांची एक अख्खी बॅच कमी होती. जे होते, त्यांनी त्या बॅचच्या वाट्याचंही काम ओढलं.

बावीस-तेवीस वर्षांचं वय. आधी कधी घरातल्या कुणाचा मृत्यूही जवळून पाहिलेला नसेल. आणि एकाच नाइटमध्ये चार-पाच डेथ सर्टिफिकेट लिहायची. नातेवाइकांना आत येता येत नाही म्हणून स्वतःचा हात लांब करून मोबाइल पेशंटच्या तोंडासमोर धरायचा, तिकडून त्याची मुलगी ‘बाबा, बाबा’ म्हणतेय, आणि इकडे मॉनिटरवरची रेघ सपाट होतेय. मग व्हिडिओ कॉल कुणी बंद करायचा? ज्याच्या हातात मोबाइल आहे, त्यानंच.

‘योद्धा’ म्हटलं आणि मोकळे झालो

या सगळ्यांना आपण एक शब्द दिला. कोविड योद्धा. शब्द प्रेमानं दिला होता, त्यात शंका नाही. पण त्या शब्दानं काय केलं ते बघा. योद्धा रडत नाही. योद्धा सुट्टी मागत नाही. आणि लढाई संपल्यावर त्यानं घरी जाऊन गपचूप आपल्या कामाला लागायचं असतं. एखाद्या सिस्टरला वाटलं की आपल्याला झोप येत नाहीये, वॉर्डात पाऊल टाकताना छातीत धडधडतंय, तर ती कुणाला सांगणार? तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमची वाघीण’ म्हणून फिरलेला असतो.

गंमत अशी की, रणांगणावरच्या खऱ्याखुऱ्या योद्ध्यांचंही असंच झालंय. पहिल्या महायुद्धात खंदकांमधून परत आलेले सैनिक थरथरत होते, मुके होत होते, रात्री किंचाळून उठत होते. ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. पण सैन्याला तो भित्रेपणा वाटत होता. पळून जाणं, भेकडपणा अशा आरोपांखाली ३०६ सैनिकांना आपल्याच लोकांनी गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळाली २००६ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी. पुढे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे अमेरिकेला हा विषय टाळता येईना, आणि १९८० मध्ये मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणजे पीटीएसडी हे नाव आलं. मराठीत आघातोत्तर तणाव म्हणा.

आपल्या मातीतलंही एक उदाहरण आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच संसर्ग होऊन १० मार्चला त्या गेल्या. हे आपण शाळेत शिकलो, अभिमानानं सांगतो. पण रुग्णांसाठी तो दवाखाना चालवणारा डॉक्टर त्यांचाच मुलगा होता, यशवंत. ज्या साथीशी तो लढत होता, त्याच साथीनं त्याची आई नेली. त्या मुलाच्या मनात पुढे काय काय चाललं असेल, हा प्रश्न आपल्या धड्यात कधी आला नाही. गेलेल्यांचं आपण स्मारक करतो. मागे राहून पुन्हा दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडणाऱ्याला काही विचारत नाही.

याला नाव आहे, आणि उपायही

मनात नेमकं होतं काय? सोप्या भाषेत बघू.

रोजच्या आठवणी आपला मेंदू तारीख टाकून फायलीला लावतो. परवा काय जेवलो, गेल्या दिवाळीला कुठं गेलो. हे काम बरंचसं हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. पण जिवाशी गाठ पडते तेव्हा अमिग्डाला नावाचा दुसरा भाग धोक्याची घंटा इतक्या जोरानं वाजवतो की फाइल लावण्याचं काम अर्धवट राहतं. मग त्या आठवणीवर तारीखच पडत नाही. ती ‘तेव्हा झालं’ अशी राहत नाही, ‘आत्ता होतंय’ अशी परत येते. एखाद्या मॉलमध्ये बिलिंगचं मशीन बीप वाजतं आणि हात थंड पडतात. प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज आला की किटची आठवण येते. सॅनिटायझरच्या वासानं मळमळतं. डोक्याला माहीत असतं की आपण २०२१ मध्ये नाही आहोत. शरीराला ते माहीत नसतं.

डॉक्टर साधारण चार गोष्टी बघतात. एक, नको असताना येणारी दृश्यं आणि वाईट स्वप्नं. दोन, टाळाटाळ. तो वॉर्ड, तो रस्ता, तो विषय नकोच. म्हणजे आपलं ‘जाऊ दे ना बे’. तीन, सतत सावध राहणं. झोप उडते, छोट्याशा आवाजानं दचकायला होतं, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते. चार, मन सुन्न पडणं. आनंदाच्या प्रसंगातही आत काही हलत नाही, आणि ‘माझ्यामुळेच झालं’ असं वाटत राहतं. हे सगळं महिनाभराहून जास्त टिकलं, त्यामुळे काम-घर-नाती बिघडायला लागली, की तो मनाचा थकवा राहत नाही. तो आजार असतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कोविड वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकाला हे होतं, असं नाही. बहुतेक माणसं वेळ, झोप आणि आपली माणसं यांच्या जोरावर सावरतात. काहींना तर त्या दिवसांनी आपल्या कामाचा अर्थ नव्यानं कळला. त्यामुळे समोर नर्स दिसली की तिच्याकडे बिचारी म्हणून बघू नका. पण जे सावरले नाहीत ते कमकुवत होते, हेही मनातून काढून टाका. पाय मोडला तर आपण ‘हाड कमकुवत होतं का?’ असं विचारत नाही. किती जोरात धडक बसली ते विचारतो.

आणि यावर उपचार आहेत. या आघातावरच लक्ष ठेवून केलेली सीबीटी, ईएमडीआर अशा पद्धती जगभर वापरल्या जातात. प्रशिक्षित थेरपिस्टच्या सोबतीनं, सुरक्षित जागी, हळूहळू त्या आठवणीपाशी जायचं आणि तिच्यावर राहून गेलेली तारीख टाकायची, असं थोडक्यात म्हणता येईल. गरज पडली तर औषधंही असतात. आठवण पुसली जात नाही, पण ती आठवणच राहते.

‘मी चुकलो का?’

आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मनातली आणखी एक जखम आहे. ती भीतीची नाही, अपराधीपणाची आहे. एक व्हेंटिलेटर आणि तीन पेशंट. कुणाला लावायचा? ‘बेड नाही’ हे वाक्य गेटवर उभं राहून किती जणांना सांगायचं? ज्याला सांगितलं तो रिक्षातच गेला असेल तर? अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात सैनिकांबद्दल लिहिताना अशा जखमेला ‘मॉरल इंज्युरी’ म्हटलं. जे योग्य आहे ते माहीत असतं, आणि ते करता येत नाही. किंवा ज्यांनी करायला हवं होतं, ते करत नाहीत. त्यातून मनाला जो घाव बसतो, तो हा.

त्या गेटवरच्या पोरानं बेड लपवून ठेवला नव्हता. ऑक्सिजन त्यानं कमी मागवला नव्हता. दवाखान्यांत रिकाम्या राहिलेल्या जागा त्यानं रिकाम्या ठेवल्या नव्हत्या. आपल्या यंत्रणेत वर्षानुवर्षं जी कमतरता साठली होती, तिचं उत्तर तेवीस वर्षांच्या पोराला गेटवर उभं राहून द्यावं लागलं. आणि आज रात्री झोप त्याची उडते. यंत्रणेची नाही.

यात फक्त डॉक्टर-नर्सच धरू नका. मृतदेह पिशवीत गुंडाळणारे वॉर्डबॉय, सफाई कामगार, लॅबमधले टेक्निशियन, घाटावरचे कर्मचारी, हेही त्यात आले. साथीपुरते कंत्राटावर घेतलेले कितीतरी जण लाट ओसरताच घरी पाठवले गेले. त्यांना तर ‘माझ्यासोबत तेव्हा कोण होतं’ हे सांगायला सहकारीही उरले नाहीत. आणि आशा ताई! ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारोदार फिरल्या, लोकांची बोलणी खाल्ली, आणि जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी राज्यभर संपावर जावं लागलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा सन्मान केला. सन्मान छानच. पण रात्रीची झोप सन्मानानं येत नाही.

साथ गेली, मग आता कशाला?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर कॅनडातल्या टोरोंटो शहरात आहे. तिथं २००३ मध्ये सार्सची साथ आली होती. ती काही महिन्यांत आटोक्यात आली. पण डॉ. रॉबर्ट मॉन्डर आणि सहकाऱ्यांनी एक-दोन वर्षांनंतर रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की, ज्यांनी सार्सचे रुग्ण हाताळले त्यांच्यात ताण, थकवा आणि आघाताच्या खुणा इतर रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त होत्या. साथ काही महिन्यांची आणि तिची सावली वर्षांची. आणि कुणाला कमी त्रास झाला? ज्यांना वाटत होतं की आपल्याला नीट प्रशिक्षण आणि पाठबळ मिळालं, त्यांना. म्हणजे नशीबच सगळं ठरवत नाही. संस्था कशी वागते यानंही फरक पडतो.

कोरोनाची साथ सार्सपेक्षा कितीतरी मोठी आणि लांबलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोरोनानं गेले असावेत. प्रत्येक गेलेल्यामागे त्याच्याच शिफ्टमधले, त्याच्याच हॉस्टेलमधले कितीतरी जण मागे राहिले.

आणि मदत मागायची सगळ्यात जास्त लाज कुणाला वाटते, माहितीये? डॉक्टरांनाच. न्यूयॉर्कमध्ये इमर्जन्सी विभाग सांभाळणाऱ्या डॉ. लॉर्ना ब्रीन स्वतः कोरोनातून उठून पुन्हा कामावर गेल्या होत्या. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. मानसिक उपचार घेतल्याचं कळलं तर आपलं करिअर जाईल ही भीती त्यांना होती, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. त्यांच्या नावानं मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? निवासी डॉक्टरनं उपचाराला जायचं कुठं, तर आपल्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत. तिथं केसपेपर काढणाऱ्यापासून सगळे ओळखतात. संध्याकाळपर्यंत हॉस्टेलभर होतं.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. ऑनलाइन सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी साधारण ३१ टक्के जणांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. दहातले तिघे! हे आकडे साथीनंतरचे आहेत. म्हणजे कोरोनानं दाखवलेली जखम आधीपासूनची होती आणि आजही भरलेली नाही. त्याच अहवालानं निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको आणि एक साप्ताहिक सुट्टी हवी, असं सुचवलं. विचार करा, आठवड्याला ७४ तास ही मर्यादा म्हणून मागावी लागते!

आमचं म्हणणं सरळ आहे. ही शिफारस कागदावर राहू नये. कर्मचाऱ्यांना आपल्या रुग्णालयाच्या बाहेर, नाव गुप्त ठेवून उपचार मिळावेत. कंत्राटी कामगार आणि आशांनाही तेच मिळावं. आणि पुढच्या साथीची तयारी करताना बेड आणि सिलिंडर मोजता, तशी माणसांची विश्रांतीही मोजा.

मग तुम्ही काय करायचं?

आधी एक कबुली. सुरुवातीला आम्ही तुम्हाला जो प्रश्न विचारायला सांगितला, ‘एप्रिल २०२१ मध्ये तुझी ड्युटी कुठं होती?’, तो खरं तर विचारू नका. तो माणसाला थेट त्या वॉर्डात नेऊन उभा करतो. जबरदस्तीनं एका बैठकीत सगळं वदवून घेतलं की मन हलकं होतं, असा समज आहे. पण जागतिक आरोग्य संघटना ती पद्धत वापरू नका, असंच सांगते. तिची शिकवण तीन शब्दांत सांगता येते. पाहा, ऐका, जोडून द्या.

पाहा, म्हणजे दोस्तात काय बदललंय त्याकडे लक्ष ठेवा. झोपत नाही, दारू वाढलीय, ग्रुपवर गप्प झालाय, नाइट शिफ्टच्या आधी पोट बिघडतं, नोकरी सोडायच्या गोष्टी करतोय. ‘काहून इतका चिडतो?’ असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा.

ऐका, म्हणजे फक्त ऐका. ‘सध्या झोप कशी लागते तुला?’ एवढा प्रश्न पुरतो. बोलायचं नसेल तर फुटाळ्यावर एक चक्कर मारा सोबत, गप्प बसलात तरी चालेल. बोलायला लागला तर मध्ये उपदेश नको. ‘तू तर स्ट्राँग आहेस’, ‘सगळ्यांनीच सोसलं यार’, ‘पॉझिटिव्ह विचार कर’ ही तिन्ही वाक्यं माणसाचं तोंड बंद करतात. त्याऐवजी म्हणा, ‘हे एकट्यानं सांभाळणं अवघड आहे. मी आहे.’ डिटेल विचारू नका. किती जण गेले, कसे गेले, हे तुमच्या कुतूहलाचं असतं, त्याच्या उपयोगाचं नसतं.

जोडून द्या, म्हणजे मदतीपर्यंत सोबत जा. टेली-मानसचा नंबर सेव्ह करून ठेवा, १४४१६. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती तिथं नाही. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर मेडिकल आणि मेयोत मानसोपचार विभाग आहेत, मानकापूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. स्वतःच्या रुग्णालयात जायला संकोच वाटत असेल तर दुसरीकडे जा म्हणावं, आणि पहिल्या दिवशी तुम्ही गाडीवर मागे बसवून घेऊन जा. आणि जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलला, तर ती गंमत समजू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच वेळी मदत बोलवा.

आणि तू, जो हे हॉस्टेलच्या मेसमध्ये, नाइट संपवून, अर्ध्या उघड्या डोळ्यांनी वाचतोयस. नाहीतर तू, जी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस आणि आज वॉर्ड सांभाळतेस. तुला कुणी विचारलं नसेल तर आम्ही विचारतो. झोप लागते का नीट? पेशंटला आपण काय सांगतो, दुखणं अंगावर काढू नका, लवकर दाखवा. तेच स्वतःला लागू करायला हरकत नाही. तुला वाचवता आले नाहीत ते चेहरे तुझ्या लक्षात आहेत. जे चालत घरी गेले, ते तुझं नाव विसरले असतील, मास्कमागचा चेहरा त्यांनी पाहिलाच नव्हता. पण ते आज या शहरात फिरतायत. सीताबर्डीच्या गर्दीत तुला धक्का देऊन गेलेला एखादा त्यांच्यातला असू शकतो.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी दोस्त ‘जाऊ दे ना बे’ म्हणाला, तर घाईनं विषय बदलू नका. पोहे थंड होऊ द्या. शेजारी बसून राहा. कदाचित त्या दिवशी तो काहीच बोलणार नाही. पण हा विषय तुमच्यासमोर काढता येतो, एवढं त्याला कळेल. तो बोलेल तेव्हा बोलेल.